बाकी मागच्याप्रमाणे

ठराव क्रमांक चार मी सकाळी नऊ वाजताच एकमताने मंजूर करून टाकला. बैठक अकराला होती.

यात लपवाछपवी काही नव्हती. विट्याच्या अलीकडे, माळावर जे लसकेंद्र होतं, त्याच्या सुरक्षा समितीचं इतिवृत्त नेहमी बैठकीच्या आधीच टाईप व्हायचं, आणि ते टाईप व्हायचं फाटकासमोरच्या माझ्या दुकानात. म्हणजे मग मंडळींना चहा घेता घेता सह्या करून मोकळं होता यायचं. 'सविस्तर चर्चेअंती' हे शब्द मी इतक्या वेळा टाईप केले होते, की 'स' ठोकला की बाकीची अक्षरं बोटं आपसूक लावायची.

आणखी गंमत म्हणजे त्या समितीची मी सदस्यसुद्धा होते. नियमच होता तसा. धोक्याच्या जंतूंवर काम करायचं तर परवानगी देणाऱ्या समितीत एक तरी माणूस केंद्राबाहेरचा हवा, ज्याचा विज्ञानाशी संबंध नाही असा. तो हजर नसेल तर बैठक ग्राह्य धरायची नाही. मी फाटकाच्या बाहेर बसत होते, म्हणजे बाहेरची झाले. दहावीला इंग्रजीत नापास होते, म्हणजे विज्ञानाशी संबंध नाही हेही सिद्ध झालं. मात्र लग्नानंतर नवऱ्याच्या टायपिंग क्लासात, मुलं घरी गेल्यावर मागच्या बाकावर बसून मी मशीन शिकले, आणि पुढे वीस वर्षं केंद्रातल्या पोरापोरींचे प्रबंध टाईप करत इंग्रजी शिकले. छत्रीला इंग्रजीत काय म्हणतात ते कळायच्या आधी मला फुप्फुसाच्या अस्तराला काय म्हणतात ते माहीत होतं. पण हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"ताई, झालं का?" हणमंत दारात उभा होता. डॉक्टर हणमंत शेंडगे. आटपाडीकडच्या मेंढपाळाचा मुलगा, केंद्रातला सगळ्यात हुशार माणूस. त्याचा प्रबंध मी तीनदा टाईप केला होता, कारण त्याचं समाधान व्हायचं नाही. चारचौघांत मी त्याला 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' म्हणायचे, दुकानात 'हणमंत' आणि 'तू'.

"झालं. एकमताने मंजूर. अभिनंदन."

"तुमच्या तोंडात साखर पडो." त्याने हातातली मोठी गुंडाळी टेबलावर पसरली. "ह्याच्या चार प्रती काढून अर्जाच्या मागं लावा. रात्री परदेशातनं आलंय. पिंजऱ्याचा नकाशा."

"अर्ज तर तू परवाच दिलास."

"अर्ज तोच ओ. नुसतं जोडपत्र." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी मंजुरी पोचली नाही तर ते लोक दुसरा देश बघणार आहेत. सात वर्षं घासतोय मी ह्याच्यासाठी. आज फक्त कुणी पाय आडवा घालू नये."

"कोण घालणार? जोगळेकर सर झोपतात आणि इनामदार साहेबांना कुठेतरी जायचं असतं."

तो हसला. हसला की तो पंचविशीचा दिसायचा.

नकाशा मोठा आणि माझं झेरॉक्स मशीन लहान. त्यामुळे त्याच्या अर्ध्या अर्ध्या प्रती काढून मधोमध चिकटवायच्या होत्या. मी पट्टी लावून जुळवायला बसले. नकाशात शेजारी शेजारी दोन पिंजरे होते आणि माझा सांधा नेमका दोघांच्या मधल्या भिंतीवर येत होता. भिंत सरळ रेघेची असती तर काम सोपं होतं. पण ती भिंत सगळी भोकाभोकांची. भोकाला भोक जुळवता जुळवता डोळे दुखायला लागले. डाव्या पिंजऱ्यामागे पंखा काढला होता, आणि पंख्यापासून उजवीकडे, भोकांतून पलीकडे जाणारे बारीक बाण.

चार प्रती झाल्या तेव्हा एकच विचार डोक्यात होता. इतकी खटपट करून भोकं कशाला पाडायची? एक तर भिंत ठेवावी, नाहीतर काढावी.

बैठकीला आम्ही चारच. अध्यक्ष जोगळेकर सर, निवृत्त प्राध्यापक, अत्यंत सज्जन माणूस. सरकारनियुक्त सदस्य इनामदार साहेब, जे त्या दिवशी रेशमी झब्बा आणि अत्तर लावून आले होते, कारण कराडला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. हणमंत, जो अर्जही मांडणार होता आणि समितीचा सचिवही होता. आणि मी. मध्ये भडंगाची बशी.

"बारा सदतीसचा मुहूर्त आहे," इनामदार खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "तासाभराचा रस्ता. बघा बुवा."

"अहो, एकच विषय आहे," सर म्हणाले. "शेंडगे, दोन शब्दांत सांगा."

हणमंतने सांगितलं. बर्ड फ्लूचा विषाणू. कोंबड्यांना होतो, शेडच्या शेड झोपवतो. क्वचित कोंबड्या हाताळणाऱ्या माणसाला होतो. ज्याला होतो त्याचं काही खरं नसतं, दोनातला एक जातो. पण नशिबाने तो त्या माणसापाशीच थांबतो, घरातल्या दुसऱ्याला होत नाही. परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाबरोबर त्यावर दोन वर्षं काम. प्राणी म्हणून फेरेट येणार, मुंगसासारखा लांबोडका प्राणी. त्याला सर्दी-ताप अगदी माणसासारखाच होतो.

"त्या विद्यापीठाचं पत्र?"

हणमंतने वाचून दाखवलं. मजकूर गोड होता. शेवटी एक वाक्य होतं. आमच्या देशात या प्रकारचं काम सध्या फेरविचारासाठी थांबवलेलं असल्यामुळे पहिला टप्पा आपल्या केंद्रात व्हावा, अशी आमची इच्छा आहे.

"उत्तम," सर म्हणाले. "आपल्यावर विश्वास टाकतायत. कुणाला काही विचारायचंय?"

हे विचारायची पद्धत होती. उत्तर द्यायची नव्हती. इनामदारांनी पेनाचं टोपण काढलं.

"मला," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं भिंतीवरच्या घड्याळाने वेळ विचारावी.

"ही मधली भिंत भोकांची का आहे?"

"तोडकरबाई," सर प्रेमाने म्हणाले, "तो तांत्रिक भाग आहे."

"मला नकाशा चिकटवायला दीड तास लागला सर. म्हणून विचारलं."

इनामदार खो खो हसले. "सांगा हो शेंडगे. बाईंचा दीड तास गेलाय."

हणमंतने घसा साफ केला. "एका पिंजऱ्यात आजारी प्राणी ठेवायचा. शेजारी निरोगी. दोघांचा स्पर्श होणार नाही, फक्त हवा जाईल. पलीकडच्याला होतो का, ते बघायचं."

"आज होतो का?"

"नाही."

"मग झालं की. नाही होत. बघायचं काय?"

हणमंतने नकाशा स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "पहिल्यांदा होत नाही. मग पहिल्यातनं घेऊन दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्यातनं तिसऱ्याला. असं करत जायचं."

"कुठपर्यंत?"

"होईपर्यंत."

भडंग खाणारा इनामदारांचा हात बशीत थांबला.

मी फार शाळा शिकलेली बाई नाही. पण कुणी न शिकवता, एकेक पायरी करत, चुकत माकत कसं शिकतात ते मला चांगलं माहीत होतं. "म्हणजे तुम्ही त्याला शिकवणार," मी म्हटलं. "हवेतून जायला."

"तो एक दिवस आपलं आपण शिकणारच आहे, ताई," हणमंत म्हणाला. 'बाई' म्हणायचं विसरला. "कोंबड्यांच्या शेडमध्ये शिकेल आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही. आधी कळलं तर लस करता येईल. हे वाईट काम नाही."

"मी वाईट म्हटलंच नाही. मी भोकं का आहेत ते विचारलं."

सर चष्मा पुसत होते. झोप उडाली होती. "अर्जात तसा एक प्रश्न असतो ना? सातवा, सातव्या पानावरचा. या कामामुळे विषाणूची पसरण्याची क्षमता वाढू शकते का? आपण काय उत्तर दिलंय?"

तिघांनी पानं उलटली. मला उलटायची गरज नव्हती. उत्तर होतं 'नो'. सुबक, चौकटीच्या बरोबर मध्ये. मला मध्येच लागतं.

"नो," सरांनी वाचलं. आणि मग कधी नव्हे ते कडक आवाजात, "शेंडगे, हे तुम्ही लिहिलंत?"

हणमंतने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. लहान मुलाच्या हातून काही सांडावं आणि ते आईला पुसावं लागू नये असं त्याला वाटावं, तशी नजर.

"ते टाईप तुम्हीच केलंय ताई," तो हळूच म्हणाला.

खरं होतं. केंद्रातली रीतच तशी होती आणि ती मीच पाडली होती. नवा अर्ज आला की मी जुन्या अर्जाची फाईल उघडायची. वर नाव बदलायचं, मधला मजकूर बदलायचा. शास्त्रज्ञ मला फक्त बदललेली पानं हाताने लिहून द्यायचे आणि खाली एक ओळ असायची, 'बाकी मागच्याप्रमाणे'. हणमंतच्या कागदाखालीही तीच ओळ होती. मागचा अर्ज कोंबड्यांच्या साध्या लसीचा होता. त्यात सातव्या प्रश्नाला 'नो' होतं, आणि ते खरं होतं. त्याच्या मागच्यातही 'नो'. सहा वर्षांपूर्वी एकदा कुणीतरी विचार करून लिहिलेलं ते 'नो' मी अर्जामागून अर्ज पुढे ढकलत आणलं होतं. सात वर्षं ज्याच्यासाठी हा माणूस घासत होता, त्यातलं सगळ्यात मोठं खोटं तो बोललाच नव्हता. ते माझ्या बोटांनी बोललं होतं.

इनामदारांनी घड्याळ पाहिलं. "अकरा पंचवीस. 'येस' लिहिलं तर काय होतं?"

"तर आपला अधिकार संपतो," सर म्हणाले. "अर्ज दिल्लीच्या समितीकडे जातो. वर्ष तरी कुठे गेलं नाही."

"आणि सोमवार?" हणमंतने विचारलं.



सरांनी नकाशाची प्रत उचलली, माझा सांधा अंगठ्याने दाबून पाहिला आणि खाली ठेवली. "हे जोडपत्र मुळात सक्तीचं नाही. ते काढून टाकू. बाकी मजकुरात काही आक्षेपार्ह नाही. तोडकरबाई, नकाशाशिवाय नवीन प्रती काढून आणा, सूचीतला उल्लेखही काढा. दहा मिनिटांत सह्या करू, इनामदार साहेब मुहूर्ताला पोचतील."

ते दुष्ट माणूस नव्हते. घरात पाहुणे यायच्या वेळी पसारा खाटेखाली सारतात, तितक्याच निर्मळ मनाने ते बोलले.

इमारतीपासून फाटकापर्यंत सरळ रस्ता होता. ऊन डोक्यावर. हणमंत माझ्याबरोबर चालत आला. अर्ध्या वाटेपर्यंत दोघांच्या चपलांचाच आवाज.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"सातव्यात 'नो' पडलंय ते."

"मी सातवं पान उघडलंच नाही ताई. उघडायचं नाही, असं ठरवलं होतं."

"म्हणजे माहीत होतं."

"तुम्ही म्हणाल तसं." मग एकदम, घरच्या बोलीत, "तुमास्नी काय सांगू? आमची दोनशे मेंढरं एका आठवड्यात गेली तवा मी नऊ वर्षांचा हुतो. बा एकेकीच्या तोंडात हात घालून बघायचा, हिला काय झालंय म्हणून. काय कळायचं न्हाई. डॉक्टर आला तवा पुरायला खड्डा खणत हुते. मला ते पुन्हा बघायचं न्हाई. ह्यो रोग माणसात आला तर बासारखाच समदा गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसंल. म्या आधी जाऊन बघून येतो म्हणतोय, एवढंच."

"आणि तिथनं येताना तुझ्या अंगाला लागून तो बाहेर आला तर?"

"दोन दारं हाईत. कुलपं हाईत."

"कुलपं माणसंच लावतात, हणमंत. मीसुद्धा माणूसच आहे. बघितलंस ना, सहा वर्षं काय टाईप करत होते."

तो फाटकापाशी थांबला. समोर रस्त्याच्या पलीकडे बायका टेम्पोतून अंड्यांचे ट्रे उतरवत होत्या. आमच्या भागात घरटी कुणी ना कुणी कोंबड्यांच्या शेडवर कामाला. हातात ना मोजे, तोंडाला ना फडकं. एकीने मला हात केला.

"ते 'नो' तसंच राहू द्या ताई," तो म्हणाला. "एवढंच मागतो. परत कधी काही मागणार नाही."

दुकानात मी एकटी होते. संगणक चालू होता. नकाशाचा उल्लेख काढला. मग सातव्या पानावर गेले.

इथे मी खूप विचार केला असं सांगितलं तर बरं दिसेल. पण तसं झालं नाही. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटत होतं ते एवढंच, की ह्या चौकटीत जे आहे ते माझं आहे, आणि ते खरं नाही. 'नो' पुसलं. 'येस' लिहिलं. इंग्रजीत तीन अक्षरं झाली म्हणून पुन्हा मध्ये घेतलं. इतिवृत्तात 'मंजूर' होतं, ते काढून 'पुढील कार्यवाहीसाठी वरिष्ठ समितीकडे' असं घातलं. 'सविस्तर चर्चेअंती' मात्र तसंच ठेवलं. पहिल्यांदाच ते खरं होतं.

परत गेले तेव्हा इनामदार गाडीपाशी पोचले होते. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पानं उलटली नाहीत. "बाई, तुम्ही वेळेत आलात म्हणून वाचलो," म्हणाले. सरांनी आत बसून सही केली, नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावर, नेहमीप्रमाणे तारीख घालायला विसरून. ती मी घातली. मग माझी सही.

मग कागद हणमंतकडे गेले.

त्याने मात्र सातवं पान उघडलं.

मी त्याच्याकडे बघत उभी होते. पंख्याखाली पानाचा कोपरा फडफडत होता, तो त्याने बोटाने दाबून धरला. सर बशीतले शेवटचे शेंगदाणे वेचत होते. हणमंतने एक शब्द काढला असता तर सरांनी मला पुन्हा दुकानात पाठवलं असतं, आणि मी काय केलं असतं कुणास ठाऊक. त्याने बराच वेळ ते पान पाहिलं. माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मग शेवटचं पान काढलं, सही केली, आणि पेन खिशाला लावून, न बोलता बाहेर गेला.

दिल्लीने अकरा महिने घेतले आणि बेचाळीस शंका काढल्या. पण त्याच्या कितीतरी आधी, दोन आठवड्यांतच, परदेशी विद्यापीठाने हात काढून घेतला होता. त्यांना दुसरा देश मिळाला. जूनमध्ये हणमंतही तिकडे निघाला.

जायच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "रागावला नाहीस ना?"

"नाही ताई. तुम्ही बरोबर केलंत." तो खरंच रागावलेला नव्हता. उत्साहात होता. "तिकडं सगळं सोपं आहे. इमारत नवीन आहे. आपल्याकडं अर्ज चौदा पानी होता ना?"

"चौदा."

"तिकडं दोन पानी आहे."

त्याने ते सहज सांगितलं. तो गेल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. चौदातनं दोन वजा केली तर कुठली पानं राहिली असतील, ते मी बोटांवर मोजत होते.

त्यानंतर दिवाळीला फोन यायचे. बायको बरी आहे, पोरगी तिकडची भाषा बोलते, हापूसची आठवण येते. कामाचं तो सांगायचा नाही, मी विचारायचे नाही. चौथ्या वर्षी, दिवाळी नव्हती, काही नव्हतं, भर दुपारी फोन आला.

"ताई, जमलं."

मला आधी वाटलं, घर घेतलं असेल. "काय जमलं रे?"

"पलीकडचा आजारी पडला."

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी त्याला हाताने बाहेर थांब म्हणून खुणावलं.

"कधी?"

"गेल्या महिन्यात. आम्ही पुन्हा करून बघितलं. पुन्हा पडला. आता दरवेळी पडतो." त्याचा आवाज आनंदी नव्हता, दुःखीही नव्हता. लांबून पळत आलेल्या माणसासारखा होता. "सहापैकी चार मेले."

"लस?"

"लस अजून कुठं ताई. ते पुढचं काम आहे. त्याला वेगळी मंजुरी लागते."

"मग तू हे कुणाला सांगितलंस?"

"साहेबांना माहीत आहे."

"बाहेरच्या कुणाला?"

"बाहेरचं इथं कुणी नाही. समिती नाही. साहेबच सही करतात." मग थांबून म्हणाला, "म्हणून तुम्हाला केला फोन. आपल्या समितीत तुम्ही बाहेरच्या होता ना."

मला रडू आलं असतं, पण हसूच आलं. अख्ख्या जगात ह्या गोष्टीवर नेमलेली समिती म्हणजे मी, विट्याची तोडकरबाई.

"त्या दिवशी तू सही का केलीस रे?" मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"मला वाटलं, दिल्लीवाले थांबवतील. कुणीतरी थांबवलं की मी सुटलो. नाही थांबवलं तरी सुटलो. म्हणून सही केली." फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. "मग मीच निघून आलो की हो इकडं. थांबवणार कोण होतं?"

मी त्या दिवशी 'नो' राहू दिलं असतं, तर तो हे सगळं इथेच करत असता. माझ्या दुकानासमोर, कोंबड्यांच्या शेडवरच्या ज्या बायका मला हात करतात त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण इथे निदान जोगळेकर सर असते, इनामदार असते, भोकं मोजणारी मी असते. कोणतं बरं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. त्या क्षणी मला फक्त कामाचं सुचलं.

"ते कशात ठेवलंय?"

"थंड पेटीत. कुलूप आहे."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात."

"दुसरी?"

"ज्याची पाळी असेल त्याच्याकडे."

"आज कुणाची पाळी आहे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हणमंत, आज कुणाची पाळी आहे?"

"थांबा. विचारून सांगतो."

त्याने फोन टेबलावर ठेवला असावा. त्याची पावलं लांब जाताना ऐकू आली. दार उघडल्याचा आवाज, मग कुणाशी तरी परक्या भाषेत बोलल्याचा. कुणीतरी हसलं. मग दुसरं दार. मी फोन कानाला दाबून बसले होते. गिऱ्हाईकाने काचेवर टकटक केली, मी पाहिलं नाही. कितीतरी वेळाने तो परत आला. धापा टाकत होता.

"ताई, इथं कुणाला माहीत नाही. ज्याची पाळी होती तो गेल्या आठवड्यात सुट्टीवर गेला. त्याने कुणाला दिली ते कुणी सांगेना. मी म्हटलं वही दाखवा, तर म्हणाले कसली वही."

"वही नाही?"

"नाही."

"मग आज घाल. आत्ता. कागद घे. मी धरलाय फोन."

"इथं कुणी मानणार नाही ताई."

"तू मान."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. कागदाचा आवाज. मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. पेटीचा क्रमांक. आत किती कुप्या. कोणी मोजल्या. पहिली किल्ली, नाव. दुसरी किल्ली, नाव. इथे तो अडला. मी म्हटलं, माहीत नाही असं लिही. त्याने लिहिलं. पेनाची खरखर मला विट्यात ऐकू येत होती.

"खाली तारीख टाक," मी म्हटलं.

पेन थांबलं.

"कुठली टाकू?" त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "किल्ली आज गेलेली नाही ताई. कधीपासून नाही तेच कळत नाहीये."

"आजची टाक," मी म्हटलं. "निदान आजपासूनचं तरी कळेल."